वाटीत तांब्या

हवालदार आबांच्या हातात पाण्याचा मग होता. टेबलावर ॲसिडचं काचेचं मोठं भांडं होतं, निम्मं भरलेलं. मी त्यांच्या आणि भांड्याच्या मधे उभा होतो. 

"सरक," आबा म्हणाले. "वाटीभर पाणी घालायचं हाय. त्याला काय पंचांग बघतोस?"

"आबा, हे उलटं करायचं असतं."

"उलटं म्हंजे?"

"पाण्यात ॲसिड घालायचं. ॲसिडात पाणी न्हाई."

"आरं, पाणी किती हाय? वाटीभर. ॲसिड किती हाय? तांब्याभर. वाटीत तांब्या ओततं का कोण?"

 आमच्या लॅबच्या मॅडमनी एकदा माझ्यासमोर ॲसिड पातळ केलं होतं आणि मी बर्फाचा ट्रे धरून शेजारी उभा होतो, एवढंच माझं शिक्षण. त्या वेळी त्यांनी मला एक वाक्य सांगितलं होतं: "बिरू, पाणी म्हणजे घर आणि ॲसिड म्हणजे पाहुणा. पाहुणा घरात येतो, घर उठून पाहुण्याकडं जात नाही." वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पण घरच पाहुण्याकडं गेलं तर काय होतं, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. शिकलेल्या माणसाला फार प्रश्न विचारले की आपलं अज्ञान उघडं पडतं, अशी मला भीती असायची. अजून असते.

मी फलटण-लोणंद रस्त्यावरच्या एका डेअरीच्या लॅबमध्ये काम करतो. माझं गाव जत तालुक्यात, पार कर्नाटकच्या शिवेला. नववीत शाळा सोडली, कारण मेंढरांमागं दुसरा माणूस पाहिजे होता. दर वर्षी आम्ही मेंढरं घेऊन फलटणच्या बाजूला यायचो. पुढं वडिलांनी कळप विकला आणि मी इकडंच राहिलो. कांबळे हवालदार, म्हणजे आमचे आबा, फौजेतून रिटायर होऊन या डेअरीच्या स्टोअरवर होते. त्यांनी मला कॅन धुवायच्या कामावर चिकटवलं आणि राहायला स्वतःच्या घरामागची खोली दिली. काकू अजूनही माझ्या नावाची भाकरी जास्त टाकतात. त्यामुळं त्या सकाळी मी ज्या माणसाच्या वाटेत उभा होतो, त्याला "तुमचं चुकतंय" म्हणणं मला अवघड होतं.

अडचण काय होती ते सांगतो. दुधाला दर मिळतो तो फॅटवर. फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता. साधं बोलायचं तर त्यातलं लोणी. एरवी हा आकडा मशीन देतं. त्या आठवड्यात विजेच्या झटक्यानं मशीनचा बोर्ड जळाला होता. मशीन बंद पडलं की जुनी जर्बर पद्धत. एका खास काचेच्या नळीत आधी ॲसिड घ्यायचं, त्यावर दूध सोडायचं, वर थोडं अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं. ॲसिड दुधातलं बाकी सगळं खाऊन टाकतं, फॅट तेवढं वर येतं. नळीवरच्या रेघांवर आकडा वाचायचा.

याला सल्फ्युरिक ॲसिड लागतं, पण बाजारातलं कडक चालत नाही. कडक असलं की फॅट जळतं, नळीत काळे ठिपके येतात. पातळ असलं की पांढऱ्या गुठळ्या राहतात. मधलं लागतं. ते "जर्बर ॲसिड" म्हणून तयार मिळतं आणि आम्ही तेच मागवतो. त्या खेपेला सप्लायरनं कडक ॲसिडचे कॅन पाठवले. कॅनचा रंग तोच, झाकण तेच, लेबल तेवढं वेगळं. आबांनी कॅन मोजून घेतले होते, लेबल वाचलं नव्हतं. जुनी बाटली त्या सकाळी संपली, नवा कॅन उघडला, तेव्हा कळलं. आबांच्या ते मनाला लागलं होतं. म्हणून ते स्वतःच मग घेऊन निस्तरायला आले होते.

मॅडमना विचारायची सोय नव्हती. त्या बाळंतपणाला सांगलीला माहेरी गेल्या होत्या, आणि आदल्याच दिवशी त्यांना मुलगी झाली होती. फोन बंद होता.

आणि त्या रजेवर जायच्या आधी आमचे मॅनेजर कदम साहेब यांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. "मॅडम म्हणतात बिरू लॅब सांभाळेल. बघू. पण लॅब थांबली तर मी दुसरा माणूस आणणार. तू परत कॅनवर." ते रागानं बोलले नाहीत. सरळ सांगितलं. कॅन धुण्याचं काम वाईट नाही, पण सोड्याच्या गरम पाण्यानं माझ्या बोटांची सालं निघायची. लॅबमध्ये आल्यावर ती बोटं बरी झाली होती. मला परत जायचं नव्हतं.

डॉकवर दुधाचे टँकर लागले होते. आकडा दाखवल्याशिवाय दूध उतरवू द्यायचं नाही, असा आमच्या भागातल्या दूध गोळा करणाऱ्या सेंटरवाल्यांचा रिवाज आहे. आकडा नाही, म्हणून टँकर उभे. ऊन चढायला लागलं होतं.

"बिरू, एक सांग," आबा म्हणाले. "तू रोज नळीत काय करतोस? पहिलं ॲसिड, मग दूध. बरोबर?"

"व्हय."

"दुधात काय असतंय?"

"पाणी."

"मग? रोज ॲसिडात पाणीच घालतोस की. आन मी फौजेत गाड्यांच्या बॅटऱ्यांत जन्मभर पाणी वतलंय. बॅटरीत काय असतंय? हेच ॲसिड. एक बॅटरी कवा उडाली न्हाई."

त्यांचं बोलणं बिनतोड होतं. खरं सांगायचं तर माझाही पाय मागं सरकला. नळीत आपण आधी ॲसिडच घेतो, हे मला त्या क्षणापर्यंत कधी खटकलं नव्हतं. एकाच खोलीत, एकाच टेबलावर, दोन कामं उलट्या क्रमानं.

मग मला आठवलं, की नळीत दूध सोडताना मॅडम ओरडायच्या: "कडेनं सोड, हळू, दोन थर वेगळे दिसले पाहिजेत." आणि बूच लावून हलवल्यावर नळी इतकी तापते, की फडक्याशिवाय धरता येत नाही. बोटाएवढ्या नळीची ही गत. भांडं तर तांब्याएवढं होतं.

मी म्हणालो, "आबा, तुमी बॅटरीत वरून पाणी घालत होता ते बरोबर. पण नव्या बॅटरीत पहिल्यांदा ॲसिड भरायचं असलं, तर ते कोण बनवायचं?"

आबा थांबले. पाण्याचा मग तसाच हातात धरून त्यांनी आठवून बघितलं.

"ते सोनवणे बनवायचा," ते म्हणाले. "चार्जिंग रूमला. आमाला आत घ्यायचा न्हाई."

"त्यांना फोन लावता का?"

"त्याला कशाला? दिवसभर चेष्टा करंल."

पण लावला. सोनवणे नाईक रिटायर होऊन वडूजला राहतात. आबांनी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू करून.

"जय भीम, नाईक."

"जय भीम. काय हवालदार, सकाळच्या पारी? बॅटरी बसली व्हय? वयाच्या मानानं बसायचीच."

"चेष्टा नको. एक सांग. नव्या बॅटरीचं ॲसिड तू कसं करायचास? पाण्यात ॲसिड का ॲसिडात पाणी?"

सोनवणेंनी उलटाच प्रश्न केला.

"कुठं हायस तू?"

"डेअरीच्या लॅबात."

"हातात काय हाय?"

"मग."

"कशाचा?"

"पाण्याचा."

"खाली ठेव. आधी ठेव, मग बोलतो."

आबांनी मग ठेवला. ठेवल्याचा आवाज पलीकडं गेला असावा.

"मी तुला चार्जिंग रूमच्या दारात थोपवायचो. का थोपवायचो?"

"तू शिष्ट होतास म्हणून."

"माझं डोळं मला पाहिजे होतं म्हणून. आरं येड्या, बॅटरीतलं ॲसिड आधीच पातळ असतंय. त्यात पाणी घातलं तर काय होत न्हाई. कडक ॲसिडात घातलंस तर पाणी वरच्या वर राहतंय, तिथल्या तिथं उकळतंय, आन उडताना ॲसिड घेऊन उडतंय. वैनींनी तापल्या तेलात कवा ओला हात झटकला न्हाई का? तसं. फकस्त तेलाच्या जागी हे."

"आन पाण्यात ॲसिड घातलं तर?"

"ॲसिड जड. खाली जातंय, पाण्यात पसरतंय, पाणी तापतंय पण उडत न्हाई. तरी बी धारेनं घालू नको. सुतासारखं सोड, ढवळ, थांब. भांडं बर्फात ठेव. डोळ्याला चष्मा. शेजारी कोण हाय?"

"बिरू हाय. त्यानंच आडवलं मला."

"मग त्यालाच करू दे. तू लांब हो. तुला घाई लय."

घर पाहुण्याकडं गेलं तर काय होतं, ते मला वडूजहून कळलं.

कामाला लागलो. पाण्याचं माप मॅडमनी मागच्या वेळी मोठ्यानं बोलून घेतलं होतं. ते माझ्या लक्षात होतं. पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही. दुसऱ्या मोठ्या काचेच्या भांड्यात ते वाटीभर पाणी तळाला जेमतेम पसरलं. भांडं घमेल्यात ठेवलं, भोवती बर्फ आणि गार पाणी. मी गॉगल, रबरी हातमोजे, एप्रन घातला. एप्रन मॅडमचा होता, गुडघ्याच्या वरच संपत होता. आबांना दुसरा गॉगल दिला. शेजारचा नळ वाहता ठेवला, कारण अंगावर उडालं तर पहिलं काम धो धो पाणी, मग बाकीचं.

मी ॲसिडचं भांडं उचललं आणि परत खाली ठेवलं. आबांनी ते पाहिलं. ते दोन पावलं मागं उभे राहिले आणि परेडचा आवाज काढला.

"सोड."

मी काचेच्या कांडीच्या आधारानं ॲसिड सोडलं. बारीक धार.

"थांब. ढवळ."

ढवळलं. भांड्यातून वाफेचा उग्र वास आला. सुरुवात सगळ्यात वाईट असते. पाणी थोडं असतं, त्यामुळं पहिल्याच थेंबांनी ते तापतं. भांड्याला बाहेरून हात लावला तर मोज्यातूनही चटका जाणवला. बर्फ बदलला.

"निवलं?"

"थोडं."

"मग थोडंच सोड."

असं चाललं. गंमत अशी, की ऑर्डर असली की माझा हात अडत नव्हता. नुसती जबाबदारी असली की अडायचा.

सगळं ॲसिड आत गेलं तेव्हा भांडं अजून चांगलं कोमट होतं. आता कडकपणा मोजायचा होता. दुधाला जसा लॅक्टोमीटर, तसा ॲसिडला हायड्रोमीटर; काचेची फुगीर कांडी, द्रव जड असला की वर तरंगते, हलका असला की बुडते. पण निवल्याशिवाय मोजायचं नाही. गरम द्रव फुगतो, म्हणून खोटा हलका दिसतो.

एवढ्यात कदम साहेब आत आले. ते हिशेबाच्या बाजूनं वर चढलेले माणूस, तापट नाहीत, पण बाहेर टँकरवाले त्यांना खात होते.

"झालं का?"

"झालंय साहेब, निवायचंय."

"मोजून तर बघ."

"निवल्यावर..."

"बिरू, एक जण तर म्हणतोय दूध फाटलं की पनीर करून द्या. मोज."

मोजलं. कांडी जर्बर ॲसिडच्या खुणेपेक्षा जास्त बुडाली.

"हलकं आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे पातळ झालं. अजून ॲसिड घाल."

मी म्हणालो, "गरम हाय म्हणून तसं दिसतंय." पण इतक्या हळू म्हणालो, की ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. साहेबांनी परत "घाल" म्हटलं. मी घातलं. पाण्यात ॲसिडच जात होतं, त्यामुळं उडायचं भय नव्हतं. साहेब बाहेर गेले.

भांडं बर्फात निवलं. पुन्हा मोजलं. आता कांडी वर उभी राहिली, खुणेच्या चांगलीच वर. कडक. खात्रीसाठी एक नळी लावून बघितली. फॅटच्या खाली काळे ठिपके.

साहेब परत आले, त्यांनी नळी उजेडात धरली.

"जळतंय," ते म्हणाले. "मग पाणी वाढव थोडं."

आता हे वाक्य कसं आहे बघा. आमच्याकडं पाहुणे आले, की आतून पहिला आवाज येतो: आमटीत पाणी वाढव. डाळ घट्ट झाली, पाणी वाढव. ताक आंबट झालं, पाणी वाढव. घट्ट गोष्टीत पाणी घालायचं, याला कुणी विचार करत नाही. हात आपोआप जातो. शिवाय सांगणारा माणूस साहेब होता, ज्याच्या हातात माझं लॅबमधलं राहणं होतं. सोनवणे नाईकांचं सगळं ऐकलेला मी, पाण्याचा मग उचलला आणि भांड्यावर नेला.

मगाच्या तोंडावर एक हात येऊन बसला. आबांचा.

"साहेब," आबा म्हणाले, "ही आमटी न्हाई."

"म्हणजे?"

"ह्यात पाणी घालायचं न्हाई. परत नव्यानं थोडं पाणी घ्यायचं आन हे समदं त्यात सोडायचं. मगाच्यासारखं."

"थोडंसंच तर घालायचंय, हवालदार."

"तासाभरामागं मी बी हेच म्हणत होतो. मला वडूजहून शिव्या बसल्यात."

साहेबांनी आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या हातातला मग आबांनी काढून घेतला होता, तरी माझी बोटं तशीच वळलेली होती.

"तुझं काय म्हणणं?" साहेबांनी मला विचारलं.

मला वाटतं, माझं लॅबमध्ये राहणं तिथं ठरत होतं. आबा बोलले होते, आता मी "साहेब म्हणतील तसं" म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण साहेब टेबलाजवळ उभे होते, गॉगलशिवाय, भांड्यावर वाकून.

"आबा म्हणतात ते बरोबर हाय," मी म्हणालो. "आन साहेब, निवल्याशिवाय मी मोजणार न्हाई. मगाशी गरम मोजलं म्हणून हे झालं. तुमी जरा मागं सरा."

साहेब मागं सरले.

"किती वेळ लागेल?"

"निवंल तवा."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "मग दुधाचं मी बघतो," आणि बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं. त्यांनी प्रत्येक टँकरचा सॅम्पल ड्रायव्हरसमोर बाटलीत भरून घेतला, झाकणावर कागद चिकटवून ड्रायव्हरची सही घेतली, आणि बाटल्या फ्रीजला लावल्या. आकडा संध्याकाळी, दूध आत्ता थंड टाकीत. बहुतेकांनी कुरकुरत ऐकलं. एकानं ऐकलं नाही. "आकडा न्हाई तर दूध न्हाई" म्हणून तो टँकर वळवून लोणंदकडं निघून गेला. तेवढं नुकसान झालं.

इकडं आम्ही नव्या भांड्यात पाणी घेतलं, या वेळी अगदी थोडं, आणि मघाचं सगळं ॲसिड परत सुतासारखं सोडलं. आबांचं "सोड, थांब, ढवळ" पुन्हा चाललं. निवेपर्यंत आम्ही दोघं स्टुलावर बसलो. आबा म्हणाले, "बिरू गड्या, तू मला मगाशी सरळ 'आबा, चुकतंय' का म्हणाला न्हाईस?"

"तुमच्या घरात राहतो."

"मग घरातल्यानंच म्हणायचं असतंय की," ते म्हणाले आणि बर्फ हलवायला उठले.

निवल्यावर कांडी खुणेवर बरोबर उभी राहिली. नळीत फॅट पिवळसर, स्वच्छ, खाली ठिपका नाही. अंधार पडायच्या आत सगळ्या बाटल्यांचे आकडे लागले. भांडण एकाच आकड्यावर झालं, आणि ते मशीनवर टेस्ट करतानाही होतंच.

साहेबांनी जाताना लॅबच्या दारातून आत बघितलं. शाबासकी वगैरे काही दिली नाही. माझ्या अंगावरच्या एप्रनकडं बोट केलं आणि म्हणाले, "स्टोअरला सांगून मापाचा घे. हा फार आखूड आहे." आबा स्टोअरवालेच, शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "घेतो मागवून. लेबल वाचून."

मॅडम लेकीला घेऊन परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. उडालं कसं असतं, जड-हलकं काय, गरम मोजलं तर काय होतं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझी अपेक्षा होती, की त्या पद्धतीतली एखादी चूक काढतील. त्यांनी विचारलं, "सप्लायरला कॅन परत का नाही केले?"

ते आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तालुक्यातल्या दुसऱ्या डेअरीकडून दोन बाटल्या जर्बर ॲसिड उसनं मागता आलं असतं, हेही नाही.

त्यानंतर आम्ही एकदाही ॲसिड स्वतः पातळ केलेलं नाही. तयार येतं, तेच वापरतो. पाण्यात ॲसिड घालावं, ॲसिडात पाणी घालू नये, हे शंभर टक्के खरं आहे आणि प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. पण ज्याला दोन्ही टाळता येत असेल, त्यानं दोन्ही टाळावं.